घातक कचऱ्याच्या भट्टीतील वायुउत्सर्जन : नोंदी व अहवाल

कारखान्यांतील घातक कचरा भट्टीत जाळताना धुराड्यातून कोणते विषारी घटक किती प्रमाणात बाहेर पडले, ते कोणी, कधी आणि कसे मोजले, याची लेखी नोंद ठेवून ती प्रदूषण नियंत्रण मंडळाला ठरल्या मुदतीत कळवण्याची कायदेशीर व्यवस्था. भारतात ही व्यवस्था कोणत्याही एका नियमात सापडत नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६, त्याखालचे घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ आणि कारखान्याच्या हाती असलेले मंडळाचे संमतीपत्र अशा चार ठिकाणी ती विखुरलेली आहे. घातक कचऱ्याचे पहिले नियम भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये आले, २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि ४ एप्रिल २०१६ रोजी सध्याचे नियम प्रसिद्ध झाले.

भट्टीत येणारा माल नाना प्रकारचा असतो : औषध कारखान्यातील डिस्टिलेशननंतर तळाशी उरलेला डांबरासारखा गाळ, वापरलेली सॉल्व्हंट्स, रंगाचा स्लज, मुदत संपलेली कीटकनाशके, तेलकट चिंध्या. महाराष्ट्रात अशा कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. प्रत्येक कारखान्याने स्वतःची भट्टी बांधण्याऐवजी आपला कचरा तिथे पाठवायचा, अशी ही योजना. कचरा निर्माण करणारा एक, वाहून नेणारा दुसरा आणि जाळणारा तिसरा, त्यामुळे धुराचा हिशेब मांडायचा तर आधी कचऱ्याचा हिशेब नीट लागावा लागतो.

तो लावण्यासाठी मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर जाणारे चलन (२०१६ च्या नियमांतला नमुना १०). कचऱ्याचा ट्रक फाटकाबाहेर पडताना त्याच्या सात रंगांच्या सात प्रती निघतात. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला देतो. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःच्या फाइलला लावतो. उरलेल्या पाच ट्रकबरोबर जातात. पोहोचल्यावर गुलाबी प्रत केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल, तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळासाठी. यातली खरी कामाची प्रत निळी. ती परत आली नाही, तर आपला माल पोहोचला की वाटेतल्या एखाद्या नाल्यात गेला, हे पाठवणाऱ्याला कागदावरून कळायला मार्ग नसतो. आता अनेक ठिकाणी हे सगळे संकेतस्थळावर भरले जाते, पण कारखान्यातली मंडळी अजूनही ‘निळी आली का?’ असेच विचारतात.

मॅनिफेस्टचा धुराशी थेट संबंध आहे. कचऱ्यात क्लोरीनसारखे हॅलोजन असलेली सेंद्रिय द्रव्ये किती, यावर भट्टी किती तापवायची हे ठरते. सामाईक भट्ट्यांसाठी २६ जून २००८ रोजी अधिसूचित झालेल्या मानकांनुसार हे प्रमाण वजनाने १ टक्क्यापेक्षा कमी असेल, तर दुय्यम कक्षात, म्हणजे कचऱ्यातून निघालेला वायू पुन्हा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात, किमान ९५० अंश सेल्सिअस चालते. १ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर किमान १,१०० अंश लागतात. दोन्ही वेळा वायू त्या कक्षात किमान २ सेकंद राहिला पाहिजे. पाठवणाऱ्याने मॅनिफेस्टवर नुसते ‘सेंद्रिय अवशेष’ असे लिहून क्लोरीन गाळला, तर पुढची सगळी आकडेमोड चुकते. म्हणून केंद्राच्या फाटकावर प्रत्येक खेपेचा नमुना काढून आधीच्या सविस्तर तपासणीशी पडताळतात. या झटपट चाचणीला तिथे ‘फिंगरप्रिंट’ म्हणतात.

जळलेल्या वायूसाठी मर्यादा अशा : धूलिकण ५० मिलिग्रॅम दर सामान्य घनमीटर (ठरावीक तापमान व दाबाला आणलेला घनमीटर), हायड्रोजन क्लोराइड ५०, सल्फर डायऑक्साइड २००, नायट्रोजनची ऑक्साइडे ४००, हायड्रोजन फ्लोराइड ४, एकूण सेंद्रिय कार्बन २०. कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या तासाच्या मोजणीत १०० आणि २४ तासांच्या सरासरीत ५०. पाऱ्याला ०.०५ आणि शिसे, आर्सेनिक, क्रोमियम वगैरे नऊ धातूंना मिळून ०.५. डायऑक्सिन व फ्युरान या जळताना तयार होणाऱ्या अतिविषारी क्लोरीनयुक्त गटाची मर्यादा ०.१ नॅनोग्रॅम विषसममूल्य (प्रत्येक रेणूच्या विषारीपणाप्रमाणे धरलेले वजन) आहे. १ मिलिग्रॅम म्हणजे १० लाख नॅनोग्रॅम, हे ध्यानात घेतले की या मर्यादेची बारीकी कळते.

हे सगळे आकडे ११ टक्के ऑक्सिजन आणि कोरडा वायू या स्थितीला आणूनच लिहायचे असतात. नोंदवहीतील हा एक रकाना नवख्या माणसाच्या नजरेतून हमखास सुटतो, आणि अहवालाची सगळी मेख तिथेच असते. समजा, धुराड्यात धूलिकण ४० मिलिग्रॅम भरले. मर्यादा ५०, म्हणजे वरवर पाहता पास. पण त्याच वेळी ऑक्सिजन १६ टक्के असेल, तर जळलेल्या वायूत बाहेरची हवा भरपूर मिसळली आहे. सूत्र असे : मोजलेला आकडा गुणिले (२१ वजा ११) भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). म्हणजे ४० गुणिले १० भागिले ५, उत्तर ८०. नापास. पंखा वाढवून धूर पातळ करण्याची युक्ती या एका भागाकाराने निकामी होते, अर्थात ऑक्सिजनचा आकडा खरा लिहिला असेल तर. अहवालात ऑक्सिजनचे मोजमापच दिलेले नसेल, तर बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

डायऑक्सिनची नोंद हा या व्यवस्थेतला सर्वांत अवघड भाग. बाकीचे बहुतेक वायू धुराड्यात बसवलेल्या यंत्राने सतत मोजता येतात, डायऑक्सिन येत नाही. त्यासाठी ८ तास वायू ओढून नमुना घ्यावा लागतो, १७ विषारी रेणूंचे प्रमाण वेगवेगळे काढून प्रत्येकाला त्याच्या विषारीपणाप्रमाणे गुणांक लावावा लागतो, आणि हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच. थिरुवनंतपुरम येथील सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था त्यांपैकी एक. नमुना वर्षातून मोजक्याच वेळी घेतला जातो. नमुन्याचे तास ८, वर्षाचे ८,७६०. शिवाय नमुना घ्यायचा दिवस आधीच ठरलेला असतो, आणि त्या दिवशी भट्टीत काय घालायचे हे चालवणाऱ्याच्या हाती असते.

उरलेल्या तासांचा पुरावा म्हणून मग भट्टीचे लॉगबुक पाहावे लागते. डायऑक्सिन अर्धवट जळण्यातून तयार होते, तसेच जळालेला वायू साधारण ४५० ते २०० अंशांच्या टापूतून रेंगाळत थंड झाला, तर राखेच्या कणांवर नव्यानेही जुळून येते. म्हणून दुय्यम कक्षाचे तापमान, कार्बन मोनॉक्साइड, वायू झटक्यात थंड करणाऱ्या क्वेंचचे तापमान, वायू धुणाऱ्या स्क्रबरमधील पाण्याचा सामू आणि धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक या आकड्यांवरून डायऑक्सिनबद्दल अंदाज बांधता येतो. तापमान ठरल्या रेषेखाली आले की कचरा भरणारे यंत्र आपोआप थांबले पाहिजे, आणि ते कधी थांबले, किती वेळ थांबले, का थांबले, हे शिफ्ट इन्चार्जने सहीनिशी लिहिले पाहिजे. ‘रात्री २.१०, दुय्यम कक्ष १,०८५, भरणा बंद, बर्नर वाढवला, २.३५ ला १,१०५, भरणा सुरू’, अशा तऱ्हेची नोंद वाचणाऱ्याला भट्टी खरोखर चालत असल्याची खूण पटवते. याउलट महिनाभर दर तासाला १,१०५ अंश, तेही एकाच पेनाने लिहिलेले दिसले, तर ते रजिस्टर महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत भरले असावे, असा संशय रास्त ठरतो. ओला गाळ आणि सॉल्व्हंट आलटून पालटून जाळणारी भट्टी इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना आणि सामाईक कचरा केंद्रांना धुराड्यात सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. त्यांचे आकडे थेट राज्य व केंद्रीय मंडळाच्या सर्व्हरवर जातात आणि मर्यादा ओलांडली की इशाऱ्याचा संदेश निघतो. हातमोजणी आणि महिन्याचा अहवाल यांच्यापेक्षा ही मोठीच सुधारणा. तरी यंत्र बिघडले, कॅलिब्रेशन चालू होते, नेट गेले, अशी कारणे त्या आलेखातल्या रिकाम्या जागांपुढे लिहिलेली आढळतात, आणि तपासनीसाने त्या रिकाम्या जागांच्या वेळा भट्टीच्या लॉगबुकाशी ताडून पाहणे हाच त्यावरचा उपाय.

न्यायालयात उभा राहतो तो कायदेशीर नमुना. हवा अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखानदाराला रीतसर नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, नमुन्याचे पात्र खुणा करून मोहरबंद करायचे आणि त्यावर दोघांनी सही करायची. कलम २७ प्रमाणे विश्लेषकाचा अहवाल तीन प्रतींत होतो : एक कारखानदाराला, एक न्यायालयासाठी, एक मंडळाच्या दप्तरी. यातली एखादी पायरी चुकली, तर आकडा कितीही भयंकर असला, तरी पुरावा म्हणून टिकत नाही.

मोजणाऱ्याला पैसे कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गुजरातमध्ये मिळाले. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशातून १९९६ पासून पर्यावरण लेखापरीक्षणाची योजना चालू होती, आणि लेखापरीक्षक निवडणारा व त्याची फी देणारा कारखानदारच असे. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात मंडळाच्या मदतीने ४७३ कारखान्यांत प्रयोग केला. जुन्या पद्धतीत धूलिकणांचे आकडे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जेमतेम खाली दाटीवाटीने जमलेले आढळले. फेरतपासणीत त्याच धुराड्यांचे खरे आकडे मात्र दूरवर पसरलेले होते. काही कारखान्यांपुरती पद्धत बदलली : लेखापरीक्षक चिठ्ठी टाकून नेमायचा, फी सामाईक निधीतून द्यायची, काही मोजण्या पुन्हा करून पाहायच्या. तिथे खोटे ‘पास’ लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले आणि प्रदूषणही कमी झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास घातक कचऱ्याच्या भट्ट्यांचा नव्हता, पण धुराड्यावर चढून मोजणारा माणूस दोन्हीकडे त्याच बाजारातला.

हिशेबाचे कागद तीन. कचऱ्याची रोजची नोंद नमुना ३ मध्ये : तारीख, प्रकार, वजन, साठवण, कुठून आला किंवा कुठे गेला. तिच्यावरून नमुना ४ चे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, आणि पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे पर्यावरण (संरक्षण) नियमांतला नमुना ५, ३० सप्टेंबरपर्यंत. नमुना ४ मध्ये केंद्राने वर्षारंभीचा साठा, आलेला कचरा, पुरलेला, जाळलेला आणि उरलेला लिहायचा असतो. किती जाळला हे त्यात येते, जाळल्यावर हवेत काय गेले हे येत नाही. ते नमुना ५ मध्ये, रोजचे वजन आणि मर्यादेपासूनचे अंतर या रूपात येते. दोन्ही नमुने शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत नाही, आणि मला ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

अपघात झाला, तर दूरध्वनी व ई-मेलने तत्काळ कळवून मागाहून नमुना ११ भरायचा. मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन अपघाताने झाले किंवा होण्याची भीती असली, तरी हवा अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने या कायद्यांतील बऱ्याच तुरुंगवासाच्या शिक्षा काढून त्यांजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला.

अमेरिकेत बेंझीनयुक्त कचऱ्याच्या नियमात वर्षाला १० टन बेंझीन ही रेषा आहे, आणि ते मोजायचे कचरा जिथे तयार होतो त्या जागी, त्यात पाणी मिसळण्याआधी. आपल्या ११ टक्के ऑक्सिजनच्या नियमामागचा विचारही हाच : पातळ करून आकडा खाली आणता येऊ नये. त्या देशात कारखानानिहाय विषारी उत्सर्जनाची सार्वजनिक सूची १९८६ च्या कायद्याने आली, आणि त्या कायद्याला निमित्त झाले भोपाळ. कारखाने दरवर्षी १ जुलैपर्यंत आकडे देतात, कोणीही ते पाहू शकतो. भोपाळ ज्या देशात घडले तिथे अशी सूची अजून नाही.

आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे फाटकावरचा फलक. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात कारखान्यात वापरली जाणारी घातक रसायने, पाणी व हवेतील उत्सर्जन आणि घनकचरा यांची माहिती मुख्य फाटकाबाहेर लावायला सांगितले. एमआयडीसीतून जाताना हे फलक दिसतात. काहींवर इलेक्ट्रॉनिक आकडे फिरत असतात, काहींवर आकडे ऑइलपेंटने रंगवलेले असतात, आणि ऑइलपेंटचा आकडा रोज बदलत नसतो. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ पासून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते संकेतस्थळावर लावले. हे तारे धुराड्यातील धूलिकणांवरून मिळतात. डायऑक्सिन त्यांत मोजले जात नाही. एखाद्या भट्टीचा डायऑक्सिन अहवाल पाहायचा असेल, तर माहिती अधिकाराखाली मंडळाकडे अर्ज करता येतो. अर्जात नमुन्याची तारीख, त्या ८ तासांचे लॉगबुक आणि त्या दिवशीची मॅनिफेस्टे हेही मागावे.