एका ओळीची टीप आणि ऋग्वेदातला १

नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरचं नाव कॉम्प्युटरवर लिहिताना 'र्टि' या अक्षराकडे नीट पाहा. आपण आधी र देतो, मग त्याचा पाय मोडतो, मग ट, आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र शेवटची वेलांटी सगळ्यांत डावीकडे जाऊन उभी राहते आणि पहिला र रफार होऊन ट च्या डोक्यावर चढतो. फाइलमध्ये यातलं काहीच हलत नाही. तिथे उच्चाराच्याच क्रमाने चार चिन्हं एकापाठोपाठ पडलेली असतात, अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे या एका अक्षराला १२ बाइट.

साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांतलं हे अंतर रोज, प्रत्येक ओळीत, कुणीतरी भरून काढत असतं. ते काम करणाऱ्या कोडबद्दल, आणि त्याहून जास्त त्या कोडशेजारी काय लिहून ठेवलं आहे याबद्दल मला सांगायचं आहे.

काम तिघांत वाटलेलं असतं. पहिला टेक्स्ट एडिटर: कोणती चिन्हं मिळून एक अक्षर होतं हे तो ठरवतो आणि तेवढा गठ्ठा पुढे देतो. दुसरं आकार देणारं इंजिन. आज सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं इंजिन म्हणजे हार्फबझ. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तेच आहे. वेलांटी मागे नेणं आणि रफार पुढे सरकवणं ही कामं तिथे होतात. तिसरा फॉन्ट: अर्धा त कसा दिसेल, क्ष ची आकृती कोणती, हे त्याच्या पोटातल्या तक्त्यांत असतं.

कोड उघडा असलेला जुना एडिटर म्हणून इमॅक्सचं उदाहरण घेऊ. १९८५ पासून तो लोकांच्या हातात आहे. जगभरच्या लिप्या त्यात आणण्याचं पायाभूत काम जपानमधल्या संशोधकांनी केलं आणि १९९७ साली आलेल्या २० व्या आवृत्तीत ते मूळ इमॅक्समध्ये सामावलं गेलं. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून आकार देण्यासाठी तो हार्फबझ वापरू शकतो. भारतीय लिप्यांचे नियम त्याच्या 'इंडियन' नावाच्या फाइलमध्ये आहेत, आणि देवनागरीचा नियम उघडून पाहिला तर तो एका पडद्यात मावतो.

आधी एक तक्ता येतो. त्यात प्रत्येक वर्गाला रोमन लिपीतलं एक अक्षर दिलेलं आहे: व्यंजनांना सी, हलंताला (पाय मोडण्याच्या चिन्हाला) एच, र ला आर, नुक्त्याला (अक्षराखालच्या टिंबाला) लहान एन, स्वरचिन्हांना लहान व्ही. प्रत्येक ओळीपुढे एकदोन शब्दांची कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीची टीप, आहे, आणि ती चांगली आहे. वाचणाऱ्याला पुढचं सूत्र त्यामुळेच उलगडतं: एक व्यंजन, मग हवं तितक्या वेळा 'हलंत आणि व्यंजन', मग स्वरचिन्ह, मग अनुस्वार. त्र्यंबकेश्वरमधला 'त्र्यं' या सूत्रात बरोबर बसतो. त, हलंत, र, हलंत, य, अनुस्वार, अशी सहा चिन्हं, आणि गठ्ठा एकच.

पुढे एक ओळ येते, जिथे सूत्रात १ आणि ३ हे देवनागरी अंक दिसतात आणि त्यांच्या मागे स्वरांच्या, म्हणजे मंत्र म्हणतानाच्या आवाजाच्या चढउताराच्या, रेघा. कॉमेंट एवढंच म्हणते: अंकांसह वैदिक स्वर.

अंकाला स्वर कसला? आणि १ व ३ च का, २ का नाही? सी भाषा कोळून प्यायलेल्या प्रोग्रामरला याचं उत्तर त्या ओळीतून मिळणार नाही. नाशिक-त्र्यंबकच्या वेदपाठशाळेत संहिता शिकलेला विद्यार्थी मात्र ते लगेच सांगेल. ऋग्वेदाच्या पोथीत स्वतंत्र स्वरितानंतर (उतरत्या स्वरानंतर) लगेच उदात्त (उंच स्वर) आला की दोहोंच्या मध्ये अंक लिहितात. स्वरित ऱ्हस्व असेल तर १, दीर्घ असेल तर ३. त्या अंकावर उभी रेघ आणि खाली आडवी रेघ देतात. पहिल्या मंडलाच्या २३ व्या सूक्तात 'अप्स्व१॒॑न्तर्' असं येतं, तो हा १. दोन रेघा अंकाला धरून राहिल्या नाहीत तर त्या भलत्याच जागी लटकतात आणि मंत्राची खूण बिघडते.

ही माहिती चार ओळींत मावते. ती तिथे नसेल तर उद्या कोड आटोपशीर करायला बसलेला कुणीही भला माणूस विचारेल, अंकांना जोडणी कशाला हवी? आणि ओळ काढून टाकेल. चाचणीत काहीच तुटणार नाही, कारण त्याच्या चाचणीत ऋग्वेद नसेल. तुटेल ते कुठल्या तरी पाठशाळेतल्या लॅपटॉपवर, आणि तिथल्या माणसाला वाटेल की कॉम्प्युटरला हे जमतच नाही. कॉमेंटमध्ये कारण लिहावं असा माझा आग्रह आहे तो यासाठी. कोड काय करतो ते तो स्वतः सांगतो. का करतो, हे कुणीतरी लिहूनच ठेवावं लागतं.

दुसरी उणीव याहून मोठी आहे, आणि ती मराठी माणसाला थेट भिडते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द घ्या. किंवा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या. रफार कुठे द्यायचा आणि य ला डावीकडून चिकटणारी ती आडवी रेघ कुठे, यावर अर्थ फिरतो. ही रेघ मिळवण्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, र ऐवजी नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग य असा क्रम आहे. आता इमॅक्सच्या त्या फाइलमध्ये ऱ्य चा नियम शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्या सूत्राला र्य आणि ऱ्य सारखेच: व्यंजन, हलंत, व्यंजन. फरक पुढे, हार्फबझ आणि फॉन्ट मिळून करतात.

म्हणजे ऱ्य तुटलेला दिसला तर संशयित तीन. एडिटरने गठ्ठाच चुकीचा बांधला? इंजिनने क्रम बिघडवला? की फॉन्टमध्ये ती आकृतीच नाही? देवनागरीच्या सूत्राशेजारी, अगदी वरच्या ओळीत, एवढं लिहिलेलं हवं: इथे फक्त अक्षराची हद्द ठरते, आकार इथे ठरत नाही. त्या एका वाक्याने नवख्या माणसाची कितीतरी शोधाशोध वाचेल. तपासायची सोय इमॅक्समध्ये आहेच. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि मग बरोबरचं चिन्ह दाबलं की ते अक्षर कोणत्या चिन्हांचं मिळून झालं, कोणता फॉन्ट लागला, त्यातल्या कोणत्या आकृत्या वापरल्या, हे सगळं समोर येतं. सूत्राशेजारच्या टिपेत या सोयीचाही उल्लेख असावा.

इमॅक्सच्या मार्गदर्शिकेत एक गोष्ट मात्र नीट सांगितलेली आहे, आणि ती नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. जोडलेल्या अक्षरावर बॅकस्पेस दाबलं तर शेवटचं एकच चिन्ह जातं, डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर. 'द्राक्षे' लिहिताना शेवटची मात्रा चुकली तर क्ष पुन्हा लिहावा लागू नये, म्हणून हे सोयीचं. लिहून ठेवलं नसतं तर दोन बटणांतला हा फरक कुणालाही बग वाटला असता.

अक्षराची हद्द कुठे, हा प्रश्न खुद्द युनिकोडलाही बराच काळ पुरता सुटलेला नव्हता. त्याच्या मूळ नियमाप्रमाणे हलंतानंतर तुकडा पडत असे, म्हणजे 'त्र्यं' चे तीन भाग: त्, र्, यं. २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत नवा नियम आला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, मल्याळम व ओडिया या लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. जो एडिटर स्वतःची सूत्रं आधीपासून वापरत होता, त्याने ती युनिकोडपेक्षा वेगळी का होती हे नोंदवायला हवं. नाहीतर नवा माणूस 'आता युनिकोडमध्ये आहेच की' म्हणून जुनं सूत्र काढेल आणि वैदिक अंकांचा नियमही त्याबरोबर जाईल.

ॲ चं दुखणं वेगळ्या जातीचं आहे, पण टिपेत त्यालाही जागा हवी. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. एक अख्खं चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, किंवा अ आणि त्यावर अर्धचंद्राची मात्रा. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोड मात्र त्यांना एक मानत नाही, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सूत्रात दोन्ही बसतात, आणि दोन्ही मुद्दाम बसवले आहेत की योगायोगाने बसले, हे सूत्र वाचून कळायला मार्ग नाही.

हे सगळं लिहायला सी किंवा लिस्प या इमॅक्सच्या कोडच्या भाषांमध्ये पारंगत असण्याची गरज नाही. नाशिकच्या कॉलेजांत कॉम्प्युटर शिकणारी मुलं आहेत, मराठी आणि संस्कृत शिकवणारे प्राध्यापक आहेत, वेद मुखोद्गत असलेले घनपाठी आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवलं तर त्या फाइलमधल्या प्रत्येक सूत्रामागचं कारण एका दुपारी कागदावर येईल. नमुने गावातच आहेत: ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, म्हसरूळ, आर्टिलरी. इमॅक्सला मोठी भर घालायची तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइटची कागदपत्रं करावी लागतात, पण साधारण १५ ओळींपर्यंतच्या छोट्या बदलाला ती लागत नाहीत. वैदिक अंकांची टीप चार ओळींची. ऱ्य आणि हद्दीबद्दलची तीन. ॲ ची दोन.