पार्श्वभूमी : ‘चिप बदलली’ म्हणजे नेमके काय बदलले?

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे जेट आणि ठिणगीच्या पॉइंटमधले अंतर इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. गाडीतल्या चिपचा प्रश्न आपल्या दारात आला तो 2000 साली. युरो-1 च्या धर्तीवरचे धुराचे नियम देशभर लागू झाले, पेट्रोलमधले शिसे गेले आणि छोट्या गाड्याही भराभर एमपीएफआयवर, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या पद्धतीवर आल्या. एप्रिल 2005 मध्ये धुराच्या नियमांचा पुढचा टप्पा, भारत स्टेज-2, देशभर आल्यावर कार्ब्युरेटरला परतीची वाट उरली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या फिटरपुढे एक चपटा डबा आला : ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल.

‘चिप बदलणे’ हा शब्दप्रयोग मात्र त्याहून जुना. 1980 च्या दशकातल्या अनेक परदेशी गाड्यांत इंधन किती आणि स्पार्क केव्हा याचे तक्ते ईप्रॉम नावाच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये असत. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असे. अतिनील प्रकाशात पंधरा-वीस मिनिटे ठेवली की माहिती पुसली जाई, म्हणून खिडकीवर स्टिकर. काही मॉड्यूलमध्ये ती सॉकेटात बसलेली असे, तेव्हा एक काढून दुसरी लावणे शब्दशः शक्य होते. पुढे फ्लॅश मेमरी आली, तक्ते केबलने लिहिता येऊ लागले. शब्द तेवढा मागे राहिला.

सगळा गोंधळ या शब्दात आहे. गाडीमालक ‘चिप गेली’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा तक्त्याची मेमरी शाबूतच असते. गेलेला असतो इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल चालवणारा बोर्डावरचा भाग, ज्याला ड्रायव्हर म्हणतात : कॉइल शॉर्ट झाल्याने, नाहीतर जंप देताना बॅटरीच्या वायरी उलट लागल्याने. तो 50-60 वॉटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने उपटायचा प्रयत्न केला की बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलली जाते. हॉट एअर (गरम हवेचे यंत्र) आणि संयम लागतो. दुसरी चिप किल्लीतली, इमोबिलायझरची, म्हणजे परक्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. तिचा सांकेतिक क्रमांक मॉड्यूलमधल्या आठ पायांच्या लहानशा मेमरीत जपलेला असतो. म्हणून भंगारातून आणलेला अगदी त्याच मॉडेलचा ईसीएम लावूनही गाडी सुरू होत नाही. जुन्या बोर्डावरची ती मेमरी नव्यावर चढवली, किंवा तिच्यातली माहिती उतरवून घेतली, तरच होते. तिसरा अर्थ पिकअप वाढवण्यासाठी तक्ते बदलण्याचा. ही दुरुस्तीच नव्हे, फेरफार आहे. तिन्हींना एकच शब्द वापरला की बिलावर नुसते ‘चिप’ लिहिले जाते आणि मालकाला काय काढले, काय घातले हे कधीच कळत नाही. काढलेला भाग मागून घेणे हा मालकाचा हक्क आहे. खानापूर-चोर्ल्याच्या पावसात तर कनेक्टरच्या पिनांना हिरवे चढते आणि लक्षणे हुबेहूब मॉड्यूल गेल्यासारखी दिसतात. पिना साफ न करता डबा खोलणे हा अन्यायच.

फेरफाराची झळ पीयूसीला बसते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के होती, भारत स्टेज-2 पासून ती 0.5 टक्के झाली. मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त ठेवणारा तक्ता घातला की आधी ही चाचणी अडते, मग धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

सीमेवर आणखी एक शंका नेहमी निघते. एमएच-09 ची (कोल्हापूरची) जुनी गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे कर्नाटकात ठेवायची तर केए-22 चा (बेळगावचा) नंबर घ्यावा लागतो. तेव्हा आरसीवर इंजिन आणि चेसिस क्रमांक तपासतात. ईसीएमचा क्रमांक तिथे नसतोच. त्यामुळे मूळ तक्त्यासह मॉड्यूल दुरुस्त केले तर कागदांत काही बदलत नाही.

एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले, आणि तेही पाचच वर्षांसाठी. तेव्हापासून जुन्या मारुतीचा मालक नव्या मॉड्यूलची किंमत ऐकून भंगाराचा विचार करू लागतो, आणि भंगारात गेलेल्या गाड्यांचेच बोर्ड दुसऱ्या गाड्यांना जगवतात.