लिनक्सवर गेम चालत नाहीत, हा समज आता सोडायला हवा

लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या संगणकावर मोठे गेम खेळता येत नाहीत, हे विधान आज खरे नाही. विंडोजसाठी लिहिलेला गेम डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्स व्यवस्थेच्या, आज्ञा देतो आणि लिनक्सला त्या थेट समजत नाहीत, ही अडचण मात्र खरी होती. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३ मध्ये सुरू झालेल्या वाइन प्रकल्पाच्या पायावर व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१८ मध्ये आणलेले प्रोटॉन हे सॉफ्टवेअर त्याच आज्ञा लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स व्यवस्थेत रूपांतरित करते, आणि त्यासाठी संपूर्ण यंत्राची नक्कल करावी लागत नसल्यामुळे वेग बहुधा फारसा घटत नाही. २०२२ मध्ये आलेले व्हॉल्व्हचे स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचे यंत्र तर मुळातच लिनक्सवर चालते. फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, शिरणाऱ्या प्रणालींमुळे व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन गेम अजूनही लिनक्सवर सुरू होत नाहीत, पण तो निर्मात्यांचा निर्णय आहे, संगणकाची मर्यादा नव्हे.