दूतावास अनुदान (कोकण किनारपट्टी)

दूतावास अनुदान : परदेशी सरकारांचे दूतावास, उच्चायुक्तालये आणि वाणिज्य दूतावास स्थानिक संस्थांना छोट्या विकासकामांसाठी थेट देतात ती मदत. हे कर्ज नसल्याने परतफेडीचा प्रश्न येत नाही. रक्कम सरकारी योजनांच्या मानाने किरकोळ असते, पण एखाद्या वाडीच्या दृष्टीने तेवढीही मोठीच. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात या चौकटीत बसणारी कामे बरीच आहेत : पावसाच्या पाण्याची टाकी, शाळेची किंवा दवाखान्याची साधनसामग्री, रुग्णवाहिका, मासळी सुकवण्याचे ओटे, बचत गटांचे उद्योग. बहुतेक देशांचे वकिलातीचे मुख्य कार्यालय दिल्लीत असले, तरी अनेकांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत. कोकणातल्या संस्थांना ही एक सोय म्हणायची, कारण गावाचे निम्मे कारभारी तसेही मुंबईतच असतात.

या प्रकारातली सर्वांत परिचित योजना जपानची. १९८९ मध्ये ती छोट्या अनुदानांची योजना म्हणून सुरू झाली आणि आज ‘ग्रासरूट्स मानवी सुरक्षा प्रकल्प’ या नावाने चालते. एका प्रकल्पाला ठरावीक मर्यादेपर्यंतच मदत मिळते. भर इमारत, यंत्रसामग्री, वाहन अशा टिकाऊ वस्तूंवर असतो. पगार, भाडे, रोजचा खर्च त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियाचा ‘डायरेक्ट एड प्रोग्रॅम’ आणि कॅनडाचा ‘फंड फॉर लोकल इनिशिएटिव्ह्ज’ हे त्याच जातीचे, पण प्रशिक्षण आणि जनजागृतीच्या कामांनाही जागा देणारे. कॅनडाच्या निधीत एका प्रकल्पाची कमाल मर्यादा १ लाख कॅनेडियन डॉलर आहे. जर्मन वकिलातींकडेही लघुप्रकल्पांसाठी तरतूद असते. अर्ज कधी मागवायचे, त्या वर्षी कोणत्या विषयांना प्राधान्य द्यायचे, हे ज्याचे त्याचे दूतावास ठरवतात. त्यामुळे मागच्या वर्षीचा नमुना तसाच भरून पाठवण्यात अर्थ नसतो.

हा पैसा ग्रामपंचायतीकडे न येता बहुधा संस्थांकडे येतो, यामागे धोरणाचा भाग आहे. भारत सरकारने २००३ मध्ये मोजके मोठे देश वगळता इतरांकडून सरकारी पातळीवर द्विपक्षीय मदत घेणे थांबवले आणि ती स्वयंसेवी संस्थांमार्फत किंवा आंतरराष्ट्रीय संघटनांमार्फत द्यावी असे सुचवले. साहजिकच लहान देशांच्या वकिलातींना संस्थांशीच व्यवहार करावा लागतो.

परकीय अंशदानाचा कायदा : परदेशी दूतावास मुंबईत असला, धनादेश मुंबईतला असला, तरी तो पैसा कायद्याने परदेशीच. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम पहिल्यांदा १९७६ मध्ये आणीबाणीत आला. आजचा कायदा २०१० चा असून तो १ मे २०११ पासून लागू आहे. त्यातील ‘परकीय स्रोत’ या व्याख्येत परदेशी सरकार आणि त्याच्या यंत्रणा येतात. संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक मात्र तीतून वगळलेली आहेत. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून किनाऱ्यावर जी कामे झाली (वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला चालवतात ती कांदळवन सफारी त्यातलीच) ती आणि दूतावासाची अनुदाने लोक एकाच पंक्तीत बसवतात. कायद्याच्या लेखी ती वेगळी आहेत.

परदेशी पैसा घ्यायचा तर या कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि गेल्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. गावातल्या मंडळाची सारी गाडी इथेच अडते. वर्षाला गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि वह्यावाटप एवढाच खर्च असेल, तर १५ लाखांचा आकडा तीन वर्षांत काय, दहा वर्षांतही गाठला जात नाही. अशा संस्थेसाठी दुसरी वाट म्हणजे पूर्वपरवानगी : ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम यांच्यापुरती केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. म्हणजे दूतावास आधी राजी हवा, आणि दूतावास विचारतो की परवानगी कुठे आहे. हा पेच सुटतो तो ‘परवानगी मिळाली तर पैसे देऊ’ अशा सशर्त पत्रावर. दूतावासातल्या अधिकाऱ्याशी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट बोलून घ्यावे.

२०२० च्या दुरुस्तीने चित्र आणखी पालटले. परदेशी पैसा आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो, तिथून तो गावाजवळच्या बँकेतल्या खात्यात आणता येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वांत मोठा फटका मात्र एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देण्यावर आलेल्या बंदीचा. त्याआधी मुंबई-पुण्याची नोंदणीकृत मोठी संस्था पैसा घेई आणि रत्नागिरीतल्या एखाद्या मंडळाकडे सोपवी. आता मोठ्या संस्थेने काम स्वतः करावे, खरेदी स्वतःच्या नावावर करावी, हिशेब स्वतः ठेवावा. गावाच्या मंडळाचे काम राहते श्रमदानाचे आणि देखरेखीचे. हे मान्य करायला मंडळे कुरकुरतात, पण नोंदणी नसलेल्या बहुसंख्य गावांसाठी आज हीच व्यवहार्य वाट आहे.

ग्रामपंचायत सदस्य या कायद्याच्या विधानमंडळाच्या व्याख्येत मोडतो, त्यामुळे तो व्यक्तिशः परदेशी पैसा घेऊ शकत नाही. संस्था ही वेगळी कायदेशीर व्यक्ती असली, तरी सरपंचच मंडळाचा सचिव आणि तोच अर्जावर सही करणारा, अशी कोकणात सर्रास दिसणारी रचना या कामात टाळलेली बरी.

मंडळ आणि त्याचे दफ्तर : महाराष्ट्रातील संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा काढला, तर त्यावर अध्यक्ष म्हणून कधीच निवर्तलेल्या गृहस्थांचे नाव झळकत असते आणि मधल्या तीन कार्यकारिणींचे बदल अर्ज एक तर दाखलच झालेले नसतात किंवा प्रलंबित असतात. दूतावास आणि गृह मंत्रालय दोघेही तोच उतारा पाहतात. शिवाय तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, प्राप्तिकराची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक लागतात. घटनेतली उद्दिष्टेही एकदा वाचून पाहावीत. बऱ्याच जुन्या मंडळांच्या घटनेत पहिले कलम देवळाच्या जीर्णोद्धाराचे, दुसरे पालखीचे आणि पाण्याचा उल्लेख शेवटी ‘इतर समाजोपयोगी कामे’ यात कुठेतरी असतो. सभामंडपाला दूतावास पैसे देत नाहीत.

जागा : अर्जाचा सर्वांत किचकट कागद हा सातबारा. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि हिस्सेदार फार. टाकीसाठी दोन गुंठे जागा हवी, तर उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे निघतात. त्यातले काही मुंबईत, काही बडोद्याला, काही वारस नोंदीविना गेलेले. ‘जागा आमचीच आहे, वापरा’ एवढ्या शब्दावर गाव वर्षानुवर्षे चालते, दूतावास चालत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आणि हिस्सेदारांची संमतीपत्रे लागतात. सगळे हिस्सेदार एकत्र सापडतात ते गणपतीत किंवा शिमग्यात, म्हणून जाणते कार्यकर्ते मसुदा आधी तयार ठेवतात आणि आरती आटोपली की सह्या घेतात. ते हुकले तर पुढचा सण येईपर्यंत थांबावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची जागा असेल, तर ग्रामसभेचा ठराव आणि ना हरकत दाखला पुरतो आणि बराच मनस्ताप वाचतो.

समुद्राला किंवा खाडीला लागून काम असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम आडवे येतात. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे. मासळी सुकवण्याचे ओटे, जाळी विणण्याच्या शेड अशा मच्छीमारांच्या सोयींना सवलत मिळते, पण परवानगीचा कागद लागतोच. कांदळवनाच्या आसपास तर हात लावण्यापूर्वी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करावी.

प्रस्ताव : एवढे झाल्यावर लिहिण्याचे काम उरते, आणि ते त्या मानाने सोपे आहे. समजा, सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) ३० घरांच्या वाडीला टाकी हवी. पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जांभ्याच्या सड्यावर तो ठरत नाही आणि मार्चच्या मध्यापासून विहीर तळ गाठते. दर घरी पिण्या-स्वयंपाकाला रोज १०० लिटर धरले, तर ७५ दिवसांना २,२५,००० लिटर पाणी लागते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल, तर ३ मीटर पावसाचे ३,००,००० लिटर पडतात. पाचवा भाग वाया गेला तरी २,४०,००० लिटर हाती राहतात. एवढे गणित अर्ध्या पानात मांडणारा अर्ज ‘गाव विकासापासून वंचित आहे’ अशा चार पानांपेक्षा वजनदार ठरतो. अंदाजपत्रकाला जपानच्या योजनेत प्रत्येक मोठ्या बाबीची तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची दरपत्रके लागतात. तालुक्याच्या गावी ती तिन्ही एकाच दुकानात, एकाच हस्ताक्षरात तयार करून मिळतात. तपासणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येते.

पाहणीला दूतावासाचे लोक प्रत्यक्ष येतात. तेव्हा हारतुरे आणि लेझीम यांत वेळ न घालवता त्यांना कोरडी विहीर दाखवावी, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना बोलू द्यावे. टाकीची किल्ली कोणाकडे, दुरुस्तीची वर्गणी किती, हे त्याच सांगतात.

हंगाम : करारापूर्वी केलेला खर्च अनुदानातून मिळत नाही आणि करारानंतर काम साधारण वर्षभरात संपवावे लागते. कोकणात त्या वर्षातले जून ते सप्टेंबर वजा करायचे. चिऱ्याच्या खाणी बंद, रस्ता निसरडा, मजूर भातलावणीत. करार मे महिन्यात झाला तर हातात उरतात सात-आठ महिने. ऑक्टोबरात झाला तर सगळा उघाडीचा काळ मिळतो. वेळापत्रकात हे महिने मोकळे दाखवले, तर दूतावास सहसा हरकत घेत नाही. करार परकीय चलनात असेल, तर रुपयात हाती येणारी रक्कम अर्जावेळच्या हिशेबापेक्षा कमीजास्त होते. तुटीची तजवीज मंडळाने वर्गणीतून आधीच करून ठेवावी लागते.

काम पूर्ण झाले की अहवाल, लेखापरीक्षकाचा दाखला आणि देणाऱ्या देशाच्या ध्वजाची पाटी येते. पाटीपुढे फोटो काढला जातो, लोकार्पण होते. घेतलेली मालमत्ता संस्थेच्याच नावावर राहते आणि ताळेबंदात दिसते. केंद्र सरकारला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत विवरणपत्र भरावे लागते. नोंदणीकृत संस्थेला परदेशातून एक रुपयाही आला नाही, त्या वर्षीही ते निरंक म्हणून भरायचे असते.