भाषांतर बदललं की मूळ पाठ?

"तुमचं बायबल किती वेळा बदललंय, ठाऊक आहे का?" ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. आपलं उत्तरही ठरलेलं असतं: "छे, एक अक्षर बदललेलं नाही!" हे उत्तर चूक आहे आणि मला ते मनापासून खटकतं. विचारणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केलेली असते, आणि आपण ती सोडवण्याऐवजी नुसते हट्टाला पेटतो.

पहिली गोष्ट भाषांतराची. पुष्कळांना वाटतं की हा कानगोष्टींचा खेळ आहे: ग्रीकवरून लॅटिन, लॅटिनवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी. पण पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं. ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघालं. म्हणजे भाषांतर नवं झालं तरी विहीर तीच. वाद इथेही असतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 7:14 मधल्या 'आल्मा' या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'कुमारी' आलं आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माबद्दल लिहिताना तेच घेतलं. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतली यशयाची गुंडाळी आज हाती असलेल्या संपूर्ण हिब्रू बायबलच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितापेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी जुनी आहे. तिच्यातही 'आल्मा'च आहे. मूळ शब्दावर भांडण नाही, अर्थावर आहे.

पाठभेदाची गोष्ट वेगळी. इथे मूळ भाषेतल्या प्रतीच एकमेकींशी जुळत नाहीत. मराठी वाचकाला हे नवं नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या हातून चुका शिरल्या होत्या, म्हणून एकनाथांनी 1584 साली ती शोधून शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच आहे, पाठांतरात बिघडला, असं ते म्हणाले. नव्या कराराच्या ग्रीक प्रती पाच हजारांहून अधिक, आणि हाताने लिहिलेल्या. फरक असणारच. बरेचसे शुद्धलेखनाचे नाहीतर शब्दांच्या क्रमाचे आहेत, पण सगळे नाहीत.

आपण लहानपणापासून प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट म्हणतो, "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत." चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत मत्तयाच्या सहाव्या अध्यायात हे वाक्य नाही. उपासनेत म्हटलं जाणारं वाक्य पुढे नकलांत उतरलं असावं. याच दोन हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान 16:8 ला थांबतं: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, "कारण त्या भ्याल्या होत्या." विश्वास ठेवणारे साप उचलतील हे वचन त्यापुढच्या बारा ओळींत आहे, म्हणून केवळ त्यावर कुणी शिकवण उभारली तर मी ती मानत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मला ती फार प्रिय आहे. तरी हे लपवायचं कशाला?

आणि हे कळलं कसं? कुणी सगळ्या प्रती गोळा करून एकसारख्या केल्या नाहीत म्हणूनच. इजिप्तमधली प्रत आणि सीरियातली प्रत समोरासमोर ठेवता येते, घुसलेली ओळ उघडी पडते. नव्या आवृत्त्या अशा ओळी कंसात घालतात नाहीतर तळटीप देतात. मार्काच्या शेवटच्या बारा ओळी बाजूला ठेवल्या तरी "तो उठला आहे" हे शब्द त्याआधी, सहाव्या ओळीत आहेतच.

म्हणून पुढच्या वेळी कुणी हा आक्षेप घेतला, तर आधी एवढंच विचारावं: तुम्ही मराठी शब्दांबद्दल बोलताय की ग्रीक प्रतींबद्दल? प्रतींबद्दल असेल तर मार्काचा सोळावा अध्याय उघडून ती तळटीप आपणच दाखवावी. येशू खरोखर उठला का, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. तो प्रतींच्या अभ्यासाने सुटणारा नाही, आणि तसं त्याला सांगायलाही कचरू नये.