सहस्रकुंड: पाणी ओसरल्यावर बघायचा धबधबा

एप्रिलमध्ये सहस्रकुंडला उतरलो तेव्हा चहाच्या टपरीवरच्या काकांना माझी दयाच आली. "आता कशाला आलाव सर? पाणी नाही काही."

काकांचं बरोबर होतं. नांदेडहून किनवटकडं शंभरेक किलोमीटरवर पैनगंगेचा हा धबधबा आहे. अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ आणि भोवती सागवानाचं जंगल. ऑगस्टमध्ये इथं गढूळ पाण्याचे लोटच्या लोट कोसळतात, तुषार अंगावर येतात आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या दिवशी मात्र दोन-तीन बारीक धारा आणि बाकी सगळा उघडा काळा कातळ. मला तोच बघायचा होता. धबधबा पाण्यामुळं दिसतो खरा, पण तो नेमका इथंच का पडतो हे ठरवलंय खडकानं.

हा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला आणि थरावर थर साचत गेले. पश्चिमेला सह्याद्रीत त्यांची जाडी दीड किलोमीटरच्याही पुढं जाते, पूर्वेकडं ती कमी होत येते. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं तेव्हा 338 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली कितीतरी जुना खडक लागला.

पण हे थर एकजिनसी नाहीत. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर चढतो. म्हणून थराचा माथा सच्छिद्र आणि कच्चा राहतो, तर मधला भाग घट्ट. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर जुन्या थराच्या माथ्याची माती होते, तिच्यावर नवा लाव्हा येतो आणि ती विटेसारखी भाजून लाल पडते. आपल्याकडं विहीर खोदणाऱ्यांना हे पाठ असतं. काळा पाषाण लागला की सुरुंग लावा, मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र कच्चा खडक, लागला की पाण्याची आशा धरा. भूगर्भशास्त्राचा पहिला धडा मला तरी आजोळच्या विहिरीवर मिळाला, पुस्तकात नंतर.

नदीचंही तसंच. घट्ट थरावरून ती सरकत जाते, त्याखालचा कच्चा थर मात्र पटापट झिजतो. पायरी तयार होते. पायरीखाली पाणी आपटून डोह खणतं, मागं उसळून कच्चा भाग पोखरतं, आणि वरच्या घट्ट थराचा आधार गेला की त्याचे मोठाले ठोकळे निखळून पडतात. थंड होताना आकसलेल्या लाव्ह्याला उभ्या भेगा असतातच, त्यामुळं ते बरेचदा सरळ कापल्यासारखे निघतात. असा ठोकळा पडला की धबधबा तेवढाच मागं, उगमाच्या दिशेनं सरकतो.

नावातली कुंडं बघायची तर उन्हाळ्यासारखा काळ नाही. कातळात जागोजागी गोल खळगे दिसतात, काही वाटीएवढे, काही रांजणाएवढे. त्यांना रांजणखळगे म्हणतात. कुकडी नदीवर निघोजचे प्रसिद्ध आहेत. खडकाच्या एखाद्या खाचेत पुराच्या भोवऱ्यानं गोटे अडकतात आणि गरागरा फिरत राहतात. गोटा खडक घासतो, खडक गोट्याला. खळगा खोल होतो, गोटा लहान होतो, संपतो. पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो. वर्षातले मोजके दिवसच काम चालतं, पण नदीला घाई नाही.

आवाजाचंही थोडं सांगायला हवं. तो पाणी दगडावर आपटल्याचा असेल असं वाटतं, पण त्यातला बराचसा आवाज पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा वाजतो. त्याचं गणित मिनार्ट या डच शास्त्रज्ञानं 1933 मध्ये मांडलं. 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 वेळा कंप पावतो. मोठे खालच्या पट्टीत गातात. एप्रिलमधल्या बारीक धारांचा खळखळाट आणि ऑगस्टमधली घनगर्जना यांतला फरक समजायला एवढं पुरे.

आणि पावसाळ्यात जाणार असाल तर वरच्या अंगाला इसापूर धरण आहे हे विसरू नका. इथं ऊन पडलेलं असतानाही तिकडून पाणी सोडलेलं असू शकतं. फोटोसाठी शेवाळलेल्या कातळावर जाणाऱ्यांना हे ओरडून सांगावंसं वाटतं, पण तेव्हा ऐकू जात नाही.

परत वर आलो तेव्हा काकांनी विचारलं, "काय घावलं मग?" एका खळग्यातून उचललेला गुळगुळीत गोटा त्यांच्या हातावर ठेवला. तो कसा घडला तेही सांगितलं. त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला, वजनाचा अंदाज घेतला.

"लोणच्यावर दाब म्हणून ठेवायला चांगलाय."