जुन्या फियाटचा पुढचा ढाचा : दुरुस्ती आणि अलाइनमेंट

मोटारीच्या डॅशमागच्या पत्र्यापासून पुढच्या बंपरपर्यंतचा जो भाग इंजिन, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांचा भार पेलतो, तो तिचा पुढचा ढाचा. अपघात, गंज किंवा आधीची आडमुठी दुरुस्ती यांमुळे तो मापातून सुटला, की त्याला मापात आणणे आणि मग पुढच्या चाकांचे कोन जुळवणे, अशी ही दुहेरी दुरुस्ती असते. क्रम ठरलेला आहे : आधी पत्रा, मग सस्पेन्शनचे सुटे भाग, सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट. प्रत्यक्षात बहुतेक गाडीमालक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. गाडी एका बाजूला ओढते म्हणून ती थेट अलाइनमेंटच्या मशीनवर चढवतात आणि वाकलेल्या ढाच्यावर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा, फिरवून घेतात. स्टिअरिंग तात्पुरते सरळ होते, टायर मात्र झिजतच राहतो.

महाराष्ट्रात या कामाचा सर्वाधिक सराव झाला तो फियाट ११०० या गाडीवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली. इटलीत १९५३ साली आलेल्या ११००/१०३ या मॉडेलची ही भारतीय शाखा. पन्नाशीच्या दशकातल्या तिच्या गोलमटोल रूपाला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढे ११०० डिलाइट आली आणि १९७४ साली तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. इतकी वर्षे ही गाडी धावती राहिली याचे बरेचसे श्रेय कुर्ल्याच्या कारखान्याइतकेच पत्र्याचे काम करणाऱ्या गल्लोगल्लीच्या डेंटरांना द्यावे लागेल.

बांधणी

या गाडीला स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या, डॅशमागचा पत्रा आणि त्यातून पुढे निघणारे दोन लाँग मेंबर, म्हणजे पोकळ लांब तुळया, एकमेकांना स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्याच्या वेल्डिंगने) जोडून सगळी बॉडीच भार उचलते. पुढची दोन्ही चाके स्वतंत्र आहेत : वर एक आणि खाली एक विशबोन (चाक धरणारा, वर-खाली हलणारा दुबेळका हात), मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि चाक वळते ते किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर. मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवरचा अखंड अॅक्सल. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३४० मिलिमीटर. खड्ड्यात चाक आपटले की तो धक्का विशबोनमधून क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला, तिथून लाँग मेंबरला आणि शेवटी डॅशच्या पत्र्याला पोचतो. म्हणून पुढचे चाक तिरके दिसत असले, तरी दोष कधीकधी पायाशी पेडल असतात तिथल्या फाटलेल्या पत्र्यात सापडतो.

गंज लागतो तो ठरलेल्या जागी. चाकाने उडवलेला चिखल जिथे साचतो त्या कोपऱ्यात, दोन पत्र्यांच्या जोडात, बॅटरीचे आम्ल सांडलेल्या जागी आणि पाणी निचरायची भोके बुजलेल्या पेट्यांत. मुंबई, कोकण आणि गोवा इथे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची त्यात भर पडते. लाँग मेंबर पोकळ असल्याने तो आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत आणि आत पत्रा कागदासारखा, हे नेहमीचे चित्र. तळाला जाड अंडरकोटचा लेप मारलेल्या गाडीबद्दल तर जास्तच सावध असावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले की आवाज बदलतो, आणि जिथे तो बद्द येतो तिथे लांबी (पुटी) भरलेली तरी असते, नाही तर पत्रा गेलेला असतो.

मापे

ढाचा जखडून मोजायचा महागडा बेंच नसला तरी हे मोजमाप गवंड्याच्या हत्यारांनी नेमके करता येते. सपाट फरशीवर गाडी चार स्टँडवर घ्यायची. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दाराखालच्या दोन्ही कडा समपातळीत आणायच्या. मग ढाच्यावरचे दोन्ही बाजूंचे सारखे बिंदू निवडायचे : मागच्या पाट्यांचे पुढचे बोल्ट, दाराखालच्या पेटीतली कारखान्याची भोके, विशबोनचे बोल्ट, लाँग मेंबरची पुढची टोके. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडायचा, तो स्थिर होऊ द्यायचा आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूची फुली मारायची. फरशीवर गाडीचा नकाशाच उतरतो. मधल्या, मार न लागलेल्या भागातल्या फुल्यांवरून मध्यरेषा आखायची आणि पुढच्या बिंदूंचे तिच्यापासूनचे अंतर दोन्ही बाजूंना ताडून पाहायचे. कर्ण मोजले की ढाचा आडवा सरकला आहे का ते कळते. उजवीकडून डावीकडे जाणारा कर्ण आणि डावीकडून उजवीकडे जाणारा कर्ण यांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक आला तर ओढकाम, म्हणजे पत्रा ओढून मापात आणणे, टळत नाही.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. ओळंबा उंची सांगत नाही. एक लाँग मेंबर वर चढला असेल तर कर्ण सारखेच येतील आणि दोष नळीच्या पाण्यानेच पकडावा लागेल. दुसरे म्हणजे समोरासमोर धडक होऊन दोन्ही बाजू सारख्याच आखडल्या असतील, तर डाव्या-उजव्याची तुलना व्यर्थ. अशा वेळी त्याच मॉडेलची, मार न लागलेली दुसरी गाडी शोधून तिची मापे घ्यावीत. फियाटच्या बाबतीत ती अजून सापडते, एवढे नशीब.

ओढकाम आणि वेल्डिंग

वाकलेला लाँग मेंबर ओढताना तो ज्या दिशेने आत गेला त्याच्या नेमक्या उलट दिशेने, थोडा थोडा, जोडावर हातोडीचे हलके ठोके देत ओढतात. जुन्या गाड्यांचा पत्रा साध्या पोलादाचा असल्याने तो परत येतो. घडी पडलेली जागा मात्र टणक होते, तिथे तडा जायची भीती असते. लालभडक तापवून पत्रा वळवायची सवय आपल्याकडे फार. तिने काम झटपट होते आणि पत्रा मऊ पडून पुढच्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा बसतो.

कुजलेला भाग कापण्यापूर्वी गाडीला तिच्या मापात जखडणे हे या सगळ्या दुरुस्तीचे मर्म आहे. इंजिन उतरवायचे, दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करायचे आणि दोन्ही लाँग मेंबर एकदम कापायचे नाहीत. कॉइल स्प्रिंग दाबाखाली असते. ती दाबून धरणारा स्प्रिंग कंप्रेसर न लावता खालचा विशबोन सोडला तर ती जीवघेण्या वेगाने सुटते.

जुने स्पॉट वेल्ड कटरने सोडवून कारखान्याच्याच शिवणीवर नवा पत्रा जोडणे ही योग्य रीत. नव्या पत्र्याला भोके पाडून ती मिग वेल्डिंगने (तार सतत पुरवणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने) भरली की जोड मूळ स्पॉट वेल्डच्या जवळ जातो. जुन्यावरच नवा पत्रा ठिगळासारखा चढवला तर दोन्हींच्या मध्ये ओल राहते आणि गंज दुप्पट वेगाने चालतो. गॅस वेल्डिंगने सलग लांब शिवण घातली तर उष्णतेने पत्रा आखडतो, म्हणून थोडे इथे, थोडे तिथे असे टाके घालतात आणि दर थोड्या वेळाने ओळंबा पुन्हा सोडतात. बंद होणाऱ्या पेटीत आधी जस्ताचा प्रायमर आणि शेवटी आतून मेण फवारायला विसरू नये. भोके उघडी ठेवावीत.

दार बंद करून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. पुढच्या दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर गाडी मध्येच मोडली आहे असे समजावे. बिजागरी वाकवून ती फट झाकणारे कारागीर थोडे नाहीत.

किंगपिन आणि कोन

चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन झिजली आहे. किंगपिन ज्यांत फिरते ते नवे बुश दाबून बसवल्यावर वरचे आणि खालचे दोन्ही बुश एकाच लांब रीमरने (भोक नेमक्या मापाचे घासणाऱ्या हत्याराने) एका रेषेत आणावे लागतात. वेगवेगळे घासले तर स्टिअरिंग जड होते आणि वळणावरून आपणहून परत येत नाही.

यानंतर कोन. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता किंगपिनचा मागे कल, टो-इन म्हणजे दोन चाकांची पुढची तोंडे किती जवळ आहेत ते. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, म्हणजे चाक वरून जास्त बाहेर कललेले, त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला. किंगपिनचा आतला कल मात्र कोणत्याही पान्याने बदलत नाही, आणि म्हणूनच तो निदानाला फार उपयोगी. कल आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर स्टब अॅक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा, वाकला आहे. बेरीज सारखी पण कल वेगळा असेल तर विशबोन किंवा ते धरणारा ढाचाच सरकला आहे. हे दोन आकडे न विचारता मशीनचा हिरवा दिवा पाहून समाधान मानणे म्हणजे अर्धे काम.

टो-इन शेवटी. चाक फिरवत टायरवर खडूची बारीक रेषा ओढायची, गाडी थोडी पुढे ढकलून थांबवायची आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर रेषांमधले अंतर पुढून व मागून मोजायचे. गाडी मागे ढकलली तर सांध्यांतला खेळ उलटा बसतो आणि माप खोटे येते. जुन्या पुस्तकातले टो-इनचे आकडे क्रॉस-प्लाय टायरसाठी दिलेले असतात. रेडियल टायर घातले असतील तर ते थोडे कमी ठेवतात. रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत.

इतर गाड्या

हिंदुस्तान अॅम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आलेली गाडी. तिलाही स्वतंत्र चासी नाही, पण पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, आहेत. त्यांची मागची टोके तळाखाली अडकवलेली असल्याने तिथला पत्रा गेला की गाडीचे नाक एका बाजूला झुकते. १९६१ च्या जग्वार ई-टाइपची पुढची चौकट चौकोनी नळ्यांची, डॅशच्या भिंतीला बोल्टने जोडलेली आहे. वाकलेली किंवा आतून गंजलेली चौकट सरळ करत बसण्यापेक्षा बदलतातच.

नोंदणीचा प्रश्न

भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळे लाँग मेंबर बदलताना मूळच्याच घडणीचा पत्रा वापरणे आणि कामाचे आधीचे-नंतरचे फोटो ठेवणे शहाणपणाचे. चासी नंबर ठोकलेला पत्रा तर कापूच नये. तो गंजलेला असला तरी जागेवर ठेवून आजूबाजूचा भाग बदलतात, कारण नंबर हलला की आरटीओत गाडीची ओळख पटवणे मालकाला फार जड जाते.